पेनड्राइव्ह नको, गाणारे माणूस द्या

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

प्रत : मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य, मा. मंत्री, सामाजिक न्याय

सप्रेम नमस्कार.

पत्र आपल्या नावे असले तरी विषय तीन खात्यांत वाटला गेला आहे. सहा वर्षांखालची मुले आपल्याकडे, साठीपुढची माणसे सामाजिक न्याय विभागाकडे, आणि दोघांपैकी कोणी आजारी पडले की आरोग्य विभागाकडे. घरात मात्र नातू आणि आजी एकाच गोधडीत झोपतात. म्हणून प्रती तिकडेही पाठवते आहे. मागणी आपल्याकडे करते, कारण ज्या जागेबद्दल मला मुख्यतः बोलायचे आहे ती अंगणवाडी आपली आहे.

संगीतोपचार हा शब्द हल्ली सारखा कानावर येतो. शब्द लोकप्रिय झाला की सरकारी पातळीवर काय होते, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. कोणीतरी सुचवते की प्रत्येक अंगणवाडीला आणि वृद्धाश्रमाला एक स्पीकर आणि गाणी भरलेला पेनड्राइव्ह द्यावा. निविदा निघते, खोकी पोचतात, खोक्यांवर विभागाचे स्टिकर असते. राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत, म्हणजे खरेदीही तशीच मोठी. असा प्रस्ताव आपल्या टेबलावर आला तर तो परत पाठवावा, ही माझी पहिली विनंती.

मी संगीत विशारद आहे. नोकरी बालवाडीत केली. निवृत्तीनंतर एका वृद्धाश्रमात आणि विशेष मुलांच्या एका शाळेत गाण्यासाठी जाते. मी उपचारक नाही, पण प्रशिक्षित उपचारकाच्या शेजारी बसून पेटी धरली आहे. त्यामुळे गाणे लावणे आणि कोणाबरोबर तरी गाणे यांतला फरक मी जवळून पाहिला आहे.

एक साधी रीत सांगते. बोलायला उशीर झालेले तीन-चार वर्षांचे मूल समोर घ्यायचे. त्याच्या ओळखीचे बडबडगीत म्हणायचे आणि ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबायचे. मूल तोंडाकडे बघते, ओठ हलवते, कधी नुसता हुंकार देते, कधी जमिनीवर हात आपटते. ते जे देईल ते शब्द म्हणून घ्यायचे आणि पुढची ओळ उचलायची. किती थांबायचे हे त्या मुलाकडे पाहूनच कळते. लवकर पुढे गेलात तर त्याची संधी गेली, फार रेंगाळलात तर ते उठून खिडकीशी जाते.

हीच रीत पक्षाघाताने वाचा गेलेल्या आजोबांनाही उपयोगी पडते. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा होऊन बोलणे बंद झालेली काही माणसे पाठ असलेले गाणे मात्र शब्दांसकट म्हणतात, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. त्यावरून बोस्टनमध्ये १९७३ साली एक रीतसर उपचारपद्धती तयार झाली. ‘पाणी दे’, ‘पाय दुखतोय’ अशी रोजची छोटी वाक्ये दोन सुरांत म्हणायची, डाव्या हाताने ताल धरायचा, आणि जमू लागले की सूर हळूहळू काढून घेत साध्या बोलण्यावर यायचे. इथेही सगळे समोरच्याच्या गतीवर चालते. स्पीकर कोणासाठी थांबत नाही.

आता पुराव्यांबद्दल, कारण आपल्या विभागाचे सचिव ते विचारतील आणि त्यांनी विचारावेच. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२५ साली स्मृतिभ्रंश आणि संगीत या विषयावरच्या ३० चाचण्या तपासल्या. संगीताच्या किमान पाच बैठकांनंतर रुग्णांतली नैराश्याची लक्षणे बहुधा कमी होतात, वागण्यातल्या अडचणीही कमी होऊ शकतात. स्मरण आणि आकलन मात्र सुधारत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे आजींना सुनेचे नाव पुन्हा आठवू लागेल, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. त्यांची संध्याकाळ कमी उदास जाईल, एवढे म्हणता येते. भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. इतक्या घरांतली संध्याकाळ मला छोटी गोष्ट वाटत नाही.

मुलांच्या बाबतीत चित्र सरळ नाही. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांवर नऊ देशांत एक मोठी चाचणी झाली, ३६४ मुलांवर. २०१७ साली निकाल आला, आणि संगीतोपचाराने मुख्य लक्षणांच्या तीव्रतेत फरक पडल्याचे त्यात दिसले नाही. पुढे २०२२ मध्ये २६ अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा एकूण सुधारणा आणि जगण्याचा दर्जा यांत फायदा दिसला. दोन्ही गोष्टी पालकांना सांगायला हव्यात. ‘गाण्याने ऑटिझम बरा होतो’ अशी पाटी लावून महिन्याला हजारो रुपये घेणारे आहेत, आणि ‘संगीतोपचारक’ अशी पाटी लावायला आज कोणाची परवानगी लागत नाही.

आणि ते कोष्टक! एका बाजूला रोग, दुसऱ्या बाजूला राग. रक्तदाबाला हा, मधुमेहाला तो, निद्रानाशाला तिसरा. मी राग शिकलेली बाई आहे, माझे त्यांच्यावर कोणापेक्षा कमी प्रेम नाही. म्हणूनच सांगते, त्यांना गोळ्यांच्या पाकिटावर छापू नका. माणसाने साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंत जे ऐकले ते त्याच्यात सर्वांत खोल मुरते, असे स्मरणाचा अभ्यास करणारे सांगतात. आज ऐंशीच्या असलेल्या माणसाची ती वर्षे साधारण १९५५ ते १९७५. त्या वीस वर्षांत कोणी आकाशवाणीवरची भावगीते ऐकली, कोणी गिरणगावात पोवाडे ऐकले, कोणी जत्रेत तमाशाच्या कनातीबाहेर उभे राहून लावणी ऐकली, कोणी फक्त काकडआरती. फडावर ढोलकी वाजवलेल्या आजोबांना संध्याकाळी सतारीच्या आलापाने शांत वाटेल, हे आपण परस्पर का ठरवायचे? त्यांना विचारले पाहिजे. बोलता येत नसेल तर मुलाला, शेजाऱ्याला विचारले पाहिजे.

‘गाण्याने अपाय तर होत नाही ना’ असे म्हणून पुष्कळजण हा विषय हलका करतात. होतो. श्रावणात वृद्धाश्रमात हौसेने मंगळागौरीची गाणी लावतात. सगळ्या टाळ्या वाजवतात आणि एक आजी उठून आत जातात. ‘त्या जरा तऱ्हेवाईकच आहेत,’ असे कर्मचारी सांगतात. त्या तिसाव्या वर्षी विधवा झालेल्या असतात, आणि त्यानंतर कोणी त्यांना मंगळागौरीला बोलावलेलेच नसते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला तो २०२२ साली. त्याआधीची कित्येक दशके या बायकांनी उंबऱ्याच्या आतून गाणी ऐकलेली आहेत. मूल गमावलेल्या बाईसमोर पाळणा म्हणताना असाच विचार करावा लागतो. वयाने कान मंदावतात तेव्हा हलका आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज सोसत नाही, हेही स्पीकरचे बटण पूर्ण फिरवणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते.

दुसऱ्या टोकाला, दिवसांआधी जन्मलेली बाळे. त्यांच्या अतिदक्षता कक्षात आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा, अशी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. तिथल्याच ११ रुग्णालयांत २७२ बाळांवर अभ्यास झाला. २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. आईवडिलांनी स्वतः निवडलेले गाणे, प्रशिक्षित उपचारकाच्या देखरेखीखाली, बाळाच्या श्वासाच्या लयीशी जुळवून हलक्या आवाजात म्हटले गेले. त्याने बाळांच्या हृदयाचे ठोके संथ झाले, आईवडिलांचा ताणही उतरला. आपल्या पाळणे गाणाऱ्या राज्यात नवजात कक्षाच्या दाराशी किती आज्या नुसत्या बसून असतात! त्यांना आत घेण्याचे नियम डॉक्टर ठरवतील. निदान आईला तरी ‘गुणगुणलात तरी चालेल’ असे कोणी सांगावे.

आता अंगणवाडी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ पासून आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्याचा पाया मुलांच्या पाड्यावर जाऊन, तिथल्याच वस्तूंनी आणि तिथल्याच माणसांसोबत शिकवण्याचा होता. अंगणवाड्या जिच्यातून आल्या ती केंद्राची एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर, २ ऑक्टोबर १९७५ रोजी आली. मधल्या काळात तिथली माणसे सुटली. अंगणवाडीत आज आहार आहे, वजनकाटा आहे, भिंतीवर फळांची चित्रे आहेत. आजी नातवाला सोडायला दारापर्यंत येते आणि तिथूनच परत जाते.

या आजीकडे काय आहे ते पाहा. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, हजाराहून अधिक गावांतून. त्या गाणाऱ्या बायका बहुतेक शेतकरी आणि मजूर घरांतल्या. गाणारी म्हणून मला ओवीची एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तिची चाल चार-पाच सुरांत फिरते. वय झाले की बाईचा सूर खाली उतरतो, वरचे स्वर लागत नाहीत. चार वर्षांच्या मुलाचा गळाही अजून थोड्याच सुरांत फिरतो. चित्रपटगीत दोघांनाही झेपत नाही. ओवी दोघांना झेपते, आणि तिची लय जाते ओढण्याची असल्यामुळे मुले आपोआप डोलतात. आजोबांकडे टाळ आहेत, कुणाकडे मृदंग. हरिपाठ पाठ असलेली माणसे वारकऱ्यांच्या गावात दर गल्लीत सापडतील.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारला भिली बोलणारी मुले अंगणवाडीत येतात. मुंबईत भरलेला पेनड्राइव्ह त्यांच्या काय कामाचा? त्यांच्या भाषेतली गाणी त्यांच्याच घरात, चुलीपाशी बसलेली आहेत.

म्हणून माझी मागणी अशी. आठवड्यातून एक तास गावातल्या दोन-तीन ज्येष्ठांनी अंगणवाडीत येऊन गावे. त्यांना मानधन द्यावे आणि ते लेखी असावे. हौस म्हणून फुकट नको. हा उपचार नव्हे, आणि त्याला उपचार म्हणूही नये. हे मुलांचे बालपण आणि म्हाताऱ्यांचे बाहेर पडणे आहे. एक कळकळीची अट घालते. सेविकांना यासाठी नवे रजिस्टर, नवा फोटो, नवी लिंक देऊ नका. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर लाभार्थ्यांचे चेहरे जुळवण्यातच त्यांचा दिवस जातो. त्या तासाला तरी त्यांनी मोबाईल पिशवीत ठेवून टाळ्या वाजवाव्यात.

उपचार वेगळा, आणि तो प्रशिक्षित माणसाकडेच असावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी होऊन वाचा, श्रवण किंवा विकासातला विलंब आढळलेली मुले जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे जातात. तिथे वाचा-उपचारकाच्या बरोबरीने संगीतोपचारकाचे एक पद हवे. त्याच माणसाने ठरावीक दिवशी जिल्हा रुग्णालयातल्या पक्षाघाताच्या आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना पाहावे. माणसे कुठून आणायची, असे विचाराल. राज्यात तालुक्या-तालुक्यांत विशारद झालेली मुले-मुली आहेत. कोणी शिकवण्या करते, कोणी बँकेत कारकून आहे. त्यांना वर्षभराचे रीतसर प्रशिक्षण द्या, वाचा-उपचारक आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या हाताखाली. आम्हा गाणे शिकवणाऱ्यांना त्यात सर्वांत जड जाईल ते बेसूर ऐकून गप्प राहणे. ते शिकवावेच लागेल.

सुरुवात पालघर जिल्ह्यातून करावी. बोर्डी आणि कोसबाड तिथेच, डहाणू तालुक्यात आहेत, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच देशभर सुरू झाला. डहाणूतल्या काही अंगणवाड्या आणि एक जिल्हा पातळीवरचा उपचारक, एवढ्यावर एक वर्ष काढावे. खर्च मुख्यतः मानधनाचा, एसटीच्या भाड्याचा आणि प्रशिक्षणाचा होईल. मुलांची हजेरी, विलंब असलेल्या मुलांचे नवे शब्द आणि गायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या नैराश्याची प्रश्नावली, वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी, बाहेरच्या कोणाकडून तपासून घ्यावी. काहीच फरक दिसला नाही तर प्रयोग बंद करावा आणि तो अहवालही विभागाच्या संकेतस्थळावर ठेवावा.

त्याआधी तिन्ही खात्यांची एक एकत्र बैठक लागेल, आणि ती बोलावणे आपल्या हातात आहे. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी ती व्हावी. बैठकीला एखादी अंगणवाडी सेविका आणि ओव्या येणारी एखादी आजी यांनाही बोलवावे, प्रवासभत्त्यासकट.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका
सांगली जिल्हा