काचेच्या सोप्याबद्दल काकांना

ती. स्व. काकांना सा. न. वि. वि.

पत्र असं चारचौघांत लिहितेय, कारण समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय क्रिकेटवर नेता. शिवाय डेट्रॉइटच्या आसपास आपल्यातलं कोणी ना कोणी मागच्या डेकला (घरामागच्या लाकडी ओट्याला) काचा लावायच्या विचारात असतंच. त्यांच्याही कानावर पडू दे.

बाबा गेल्यावर आई कायमची आमच्याकडे आली. साताऱ्याच्या घरी हिवाळाभर तिची सकाळ सोप्यात, म्हणजे ओसरीवर, ऊन खाण्यात जायची. ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत ती दहापर्यंत खांबापाशी पोचायची. इथे नोव्हेंबर लागला की स्वयंपाकघराच्या खिडकीतलं तासाभराचं ऊन, तेही भांडी घासायच्या सिंकवर पडतं. म्हणून सनरूमचं, म्हणजे डेकच्या जागी काचेच्या खोलीचं, डोक्यात आलं. दोन कोटेशनं आली, एक तीन ऋतूंच्या (हिवाळा सोडून वापरायच्या) खोलीचं आणि एक बारमाही खोलीचं. दुसरं पहिल्याच्या दुपटीहून जास्त. आमचं मन अर्थातच पहिल्याकडे. थंडीत एखादा स्पेस हीटर ठेवू, त्यात काय!

तुम्ही फोनवर मत दिलं नाहीत. “रविवारी चहाला या, आणि आल्यावर कोट काढू नका,” एवढंच म्हणालात. जानेवारीतला ढगाळ रविवार होता. तुम्ही आम्हाला तुमच्या स्वतःच्या तीन ऋतूंच्या खोलीत बसवलंत. एकेरी काचा, पायाखाली जुना डेक, कोपऱ्यात हीटर लालबुंद. तोंड भाजत होतं आणि पाय गारठले होते. काचेवरून पाणी ओघळून चौकटीच्या कडेला काळी बुरशी धरली होती, तीही तुम्ही बोट लावून दाखवलीत. कपातला चहा अर्धा होईतो गार. स्वतःच्या घरातला दोष असा पाहुण्याला बसवून कोण दाखवतं, काका?

गंमत म्हणजे ती खोली तुमची लाडकी. मे ते ऑक्टोबर तिथून हलत नाही म्हणालात. जाळ्या उघड्या, डास बाहेर, पावसाचा आवाज आत. ज्यांचे आईवडील फक्त उन्हाळ्यात सहा महिने येतात, त्यांनी हीच बांधावी, जास्तीचे पैसे घालू नयेत, हेही तुम्हीच सांगितलंत. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवलंत आणि विचारलंत, “आई कुठल्या महिन्यांत बसणार?” मी नोव्हेंबरवर बोट ठेवलं आणि ते मार्चपर्यंत नेलं. बोलायची गरजच उरली नाही. आईला ज्या महिन्यांत ऊन हवं, नेमक्या त्याच महिन्यांत ती खोली कुलूपबंद राहणार होती.

खरे उपकार तर त्यानंतरचे. बारमाही खोलीचं कोटेशन हातात घेऊन तुम्ही टॉर्चसकट आमच्या डेकखाली शिरलात. बर्फाचे दिवस, गुडघ्यांची तुमची तक्रार, आणि आत पोटावर सरपटणं! बाहेर येऊन म्हणालात की हा माणूस नुसतं नाव बारमाही देतोय. तो जुन्याच डेकवर भिंती उभ्या करणार होता. खोलीच्या फरशीखाली इन्सुलेशन नाही आणि डेकचे खांब जेमतेम दोन फूट खोल. इथे मिशिगनमध्ये फुटिंग (खांबाचा काँक्रीटचा पाया) 42 इंच खाली न्यावं लागतं, कारण त्याच्या वरची माती गोठते, फुगते आणि खांब उचलते. डेक थोडा हलला तरी चालतो, काचा लावलेली भिंत हलली की काचा तडकतात. तो ठेकेदार आम्ही सोडला. नव्याने खड्डे खणले, काँक्रीट ओतण्याआधी टाउनशिपचा (इथल्या स्थानिक प्रशासनाचा) इन्स्पेक्टर येऊन खड्डे किती खोल आहेत ते मोजून गेला. त्या दिवशी मला तुमचाच चेहरा आठवत होता.

छपराचा हट्टही तुम्हीच मोडलात. मला वरही काच हवी होती. तुम्ही पाकिटाच्या मागे सूर्य काढलात. इथे 21 डिसेंबरला भर दुपारी तो क्षितिजापासून 24 अंशांवरच असतो (साताऱ्यात तेव्हाही 49 च्या आसपास), म्हणजे हिवाळ्याचं ऊन भिंतीच्या काचांतूनच आडवं आत येणार. जूनमध्ये तो 71 अंशांवर चढतो, तेव्हा दक्षिणेला पुढे आलेली वळचण त्याला अडवते. काचेच्या छपराने उन्हाळ्यात भट्टी झाली असती आणि हिवाळ्यात त्याच्यावर बर्फ साचलं असतं. छप्पर भरीव झालं. काचा दुहेरी, मधे आर्गॉन. फर्नेसची (घरभर गरम हवा सोडणाऱ्या यंत्राची) नळी न वाढवता या खोलीपुरता वेगळा मिनी-स्प्लिट, गरम आणि गार दोन्ही करणारा, बसवला, कारण ऊन पडलं की ही खोली तापते आणि बाकीचं घर गारच असतं, एका थर्मोस्टॅटला दोघांचं जमत नाही. तो भिंतीवर लागला तेव्हा आई म्हणाली, “अगं, हा तर आपला स्प्लिट एसी!” अमेरिकेतली तिच्या ओळखीची ती पहिली वस्तू.

तुम्ही गोड बोलून फसवलंही नाहीत. मिशिगनचा डिसेंबर ढगाळ, रोज ऊन मिळेल असं समजू नका, म्हणालात. खरंच आहे, गेल्या डिसेंबरात आम्ही उन्हाचे दिवस बोटांवर मोजले. काचेतून ड जीवनसत्त्व बनवणारे किरण येत नाहीत, तेव्हा गोळ्या सुरूच ठेवा, हेही बजावलंत. आणि मालमत्ता कर. करपात्र मूल्याच्या वार्षिक वाढीला 1995 पासून इथे मर्यादा आहे, पण नवं बांधकाम त्या मर्यादेत बसत नाही, हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत, म्हणून बिल आल्यावर घरात भांडण झालं नाही. थोडं झालं. पण ते आधीच ठरलेलं होतं.

फेब्रुवारीत बाहेर फूटभर बर्फ असताना आई आत शेंगा सोलत बसली होती. तुळस शेजारी, खुर्ची सकाळपासून तीनदा सरकलेली. त्या खोलीला ती सनरूम म्हणत नाही, काचेचा सोपा म्हणते.

तुमचा टॉर्च आमच्याकडेच राहिलाय. सेल बदललेत. रविवारी न्यायला या, आणि आल्यावर कोट काढून ठेवा. आईने शेंगदाण्याची चटणी कांडून ठेवली आहे, तीही न्यायची आहे.

तुमची,
डेकवाली पुतणी