बाबांच्या दाढेबद्दल

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

शनिवारी ११ वाजता दादरच्या डेंटिस्टकडे बाबांची वेळ घेतली आहे. ॲडव्हान्सही भरला. फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बरं बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता, म्हणून लाडवांच्या डब्यासोबत ही चिठ्ठी. रागावू नका.

गणपतीत पाहिलं मी. मोदकसुद्धा एकाच बाजूने, पोळी वरणात भिजवून. वर "सुपारीने गेली दाढ" म्हणे. सुपारीला कशाला नाव ठेवता? रूट कॅनल झालेल्या दाढेवर कॅप बसवा, नाहीतर तडकेल, हे तेव्हाच सांगितलं होतं. ते माझ्या लग्नाचं वर्ष. कॅप "नंतर बघू"वर गेली, आणि का गेली ते आपल्या तिघांनाही ठाऊक आहे. तेव्हा पैशांचा विषय काढायचा नाही.

आईचं झालं तसं होणार नाही. कवळीच्या मापाला ट्रेभर गुलाबी लगदा तिच्या तोंडात कोंबला, दोनदा उमासे आले, तरी माप चुकलंच. इथे लगदाच नाही. जाड टूथब्रशसारखी कॅमेऱ्याची दांडी दातांवरून फिरवतात. गेल्या महिन्यात माझी कॅप तिथेच केली. पडद्यावर आपली दाढ हळूहळू उमटत जाते, राहिलेल्या जागी भोक दिसतं, की डॉक्टर तेवढ्यावर पुन्हा दांडी फिरवतात. दमलात तर मध्येच थांबता येतं. दाढ थोडी घासावी लागते, पण बधिर करून.

पुढचं तुम्हाला आवडेल, बाबा. त्या मापावरून मशीन झिर्कोनियाच्या, म्हणजे चिनीमातीसारख्या पदार्थाच्या, खडूसारख्या ठोकळ्यातून कॅप कोरतं, तीही मुद्दाम २० टक्क्यांहून जास्त मोठी. मग ती साधारण १५०० अंशांच्या भट्टीत आकसून मापाला येते. ओतलेलं बीड थंड होताना आकसतं म्हणून साच्याच्या पॅटर्नला तुम्ही फुटामागे एक सूत, इंचाचा आठवा भाग, जास्त सोडायचात ना, तेच! तुमची ती सूट धरलेली पट्टी चौथीत मी शाळेत नेली आणि माझ्या सगळ्या रेघा चुकल्या, आठवतं?

आधी एक्स-रे काढतील. मूळ शाबूत नसेल तर मी हट्ट करणार नाही. पण तुळशीच्या लग्नाचा ऊस दातांनी सोलून माझ्या हातात करवे ठेवणारे बाबा पोळी भिजवून खाताना मला बघवत नाही हो. म्हातारे झालात असं म्हणत नाहीये.

आता नीट ऐका. शनिवारचा उपास त्या दिवशी नाही, मारुतीला मी सांगेन. नाश्ता करून, साखरेची गोळी घेऊन निघायचं. रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना कल्पना दिली आहे. फाइल आणा. चर्नी रोडला जिना चढत बसू नका, मी टॅक्सी घेऊन चाळीखाली येते. दवाखान्यात लिफ्ट आहे. त्या दिवशी तात्पुरती कॅप बसेल. पक्की येईपर्यंत चिक्की बंद, आणि सुपारी तर कायमची. दोन दिवस आमच्याकडेच राहा, मऊ भात आणि सायीचं दही आहे. बाबांची उशी आणा, आमच्या उशांवर त्यांना झोप येत नाही.

आई, तू त्यांच्याशी वाद घालू नकोस. फक्त साडेनऊला लेंगा बदलायला लाव.

तुमची,
चिमी