लगाम घेताना घोड्याचे नाक-तोंड पाहा

संपादक महोदय,

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरली की घोड्यांइतकीच गर्दी साजाच्या दुकानांवर होते. घुंगरू आणि गोंड्यांवर तासभर घासाघीस चालते, लगाम मात्र दुकानदार हातात ठेवील तो. नाचाच्या घोड्याचे त्यावर निभते. एन्ड्युरन्सच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या घोड्याला तोच लगाम 40 नाहीतर 60 किलोमीटर वागवायचा असतो. हल्ली या घोड्यांना सरसकट बिनबिटाचे, म्हणजे तोंडात आडवा धातू (बिट) न घालता नाकावरच्या पट्ट्याने आवरायचे लगाम चढवण्याची लाट आली आहे, त्याबद्दल थोडे.

काटेरी बिट वादातच नको. ओझ्याच्या व ओढीच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांनी काटे, गाठी असलेल्या बिटाला मनाई आहे. तरी ते उघड्यावर टांगलेले दिसते, हे आपल्याकडचे नेहमीचेच.

साधे सांध्याचे बिट पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर बसते. गुळगुळीत काठीला दोन रबर लावून ती तोंडातून आडवी घालावी, रबर ओठांच्या कोपऱ्यांशी आणावेत आणि मधले अंतर मोजावे. त्यात अर्धा सेंटीमीटर मिळवला की बिटाची लांबी झाली. लांब बिट इकडून तिकडे सरकते, आखूड बिट कोपरे सोलते. जाड बिट सौम्य, ही समजूतही फसवी. जीभ जाड आणि टाळू खाली असेल तर जाड बिटाला तोंडात जागाच नसते. वरच्या दाढांपुढे कधी वाटाण्याएवढा फालतू दात असतो. बिट त्यावर आपटले की घोडा डोके झटकतो आणि दोष स्वभावाला लागतो. तो दात पशुवैद्याकडून काढून घ्यावा.

बिनबिटाचा फायदा खरा आहे. घोडा वाटेत मोकळेपणी पाणी पितो, चरतो. बिटाच्या सांध्याला गवताचा बोळा अडकत नाही. तपासणीच्या थांब्यावर नाडीचे ठोके मिनिटाला 64 वर उतरावे लागतात, तेव्हा पोटभर पाणी प्यालेला घोडा केव्हाही बरा. आंतरराष्ट्रीय एन्ड्युरन्समध्ये बिनबिट चालते. तरी स्थानिक स्पर्धेचे पत्रक आधी वाचावे.

पण नाकपट्टा खाली घसरला की सगळेच बिघडते. घोडा तोंडाने श्वास घेत नाही, फक्त नाकाने घेतो. नाकाचे हाड खाली निमुळते होत संपते आणि पुढे नुसती कूर्चा असते. पट्टा नाकपुडीच्या वर चार बोटे, पक्क्या हाडावरच हवा आणि त्याखाली दोन बोटे सहज जावीत. दांडीच्या हॅकामोरला (नाकपट्ट्याच्या दोन्ही बाजूंना दांड्या असलेल्या लगामाला) बिट नसते म्हणून तो सौम्य, असे मुळीच नाही. दांडी जितकी लांब, तितका नाकावर आणि हनुवटीखालच्या साखळीवर दाब जास्त. दुसऱ्या प्रकारात जबड्याखाली फुली मारणारे पट्टे असतात, ते घाम-धुळीने चिकटतात. हात सैल केला तरी दाब सुटत नाही, मग घोडा थांबायला शिकणार कसा? बाजूला कड्या असलेला साधा नाकपट्टा त्यातल्या त्यात निर्धोक, फक्त एकच वादी ओढली की गालपट्टा डोळ्याकडे सरकतो. तो घट्ट बसेल असा निवडावा.

आपल्याकडच्या उन्हात चामडे घामाच्या मिठाने कडक होते. रोज पुसून तेल द्यावे, नाहीतर धुता येणारा पट्टा घ्यावा. आतल्या लोकरीच्या अस्तरात गोखरू अडकते, तेही चाचपावे.

नवा लगाम स्पर्धेच्या दिवशी चढवू नये. आधी हाताने चालवून थांबणे, वळणे, मागे सरणे पक्के करावे. मग बंद मैदानात, आणि शेवटी चार घोड्यांच्या सोबतीने. एकटा शहाण्यासारखा वागणारा घोडा कळपात सुटला की ओढू लागतो, आणि खरी परीक्षा तिथेच असते.

घोडा विकत घेतानाही नाक पाहावे. जन्मजात टिळा वेगळा. पण हाडावर आडवी, पट्ट्याएवढीच पांढऱ्या केसांची रेघ असेल, तर तिथे पूर्वी जखम झालेली असते. त्या जागी अंगठ्याने हलकेच दाबावे. मान झटकली तर त्या घोड्याला मापाचे साधे बिटच बरे.

– एक अश्वपालक, शहादा