रीस्टार्टआधी सर्व्हरच्या नोंदी जपा

संपादक महोदय,

पावसाळा सुरू झाला की गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींतल्या पतसंस्था, ग्रंथालये, दवाखाने यांची तक्रार ठरलेली असते : लिनक्स सर्व्हरचे नेटवर्क मध्येच जाते, रीस्टार्ट केला की येते. काम चालू होते खरे, पण बिघाडाचा पुरावा त्याच क्षणी पुसला जातो. अनेक सर्व्हरवर 'व्हार/लॉग'खाली 'जर्नल' हे फोल्डरच नसते; मग सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारी यंत्रणा) आपल्या नोंदी फक्त मेमरीत ठेवते आणि रीस्टार्टला त्या जातात. ते फोल्डर आजच तयार करा आणि 'जर्नलसीटीएल --फ्लश' (journalctl --flush) चालवा, म्हणजे मेमरीतल्या नोंदी डिस्कवर जातील. पुढे रीस्टार्ट झाला तरी 'जर्नलसीटीएल -के -बी -१' (journalctl -k -b -1) या आज्ञेने आधीचे कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश वाचता येतात.

त्यात 'लिंक डाउन' (जोडणी तुटली) आणि लगेच 'लिंक अप' (जोडणी जुळली) दिसले, तर सेटिंग्जना हात लावू नका. दोष बहुधा केबल, प्लग किंवा स्विचच्या पोर्टमध्ये असतो. 'इथटूल' (ethtool, नेटवर्क कार्डाची माहिती दाखवणारी आज्ञा) मध्ये वेग १००० एमबीपीएस (गिगाबिट) ऐवजी १०० दिसला तर संशय आणखी बळावतो. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच. म्हणून उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार सुटली तरी केबल पूर्ण मरत नाही, रखडत चालते. खिडकीतून, ओल्या भिंतीवरून नेलेल्या केबलचा प्लग काढून पाहा : आतल्या पिवळ्या पट्ट्यांवर हिरवट थर दिसेल. तो खरवडत बसू नये. टोक छाटून नवा प्लग क्रिम्प करावा (पकडीने दाबून बसवावा), दोन्हीकडे रंगांचा क्रम एकच ठेवावा. नंतर 'इथटूल -एस' (ethtool -S, मोठा S) मधला सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाचा, आकडा दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा पाहावा. तो मोठा आहे की लहान याला महत्त्व नाही, वाढतो आहे का ते बघायचे.

लिंक शाबूत असूनही रोज कर्मचारी आल्यावरच नेटवर्क जात असेल, तर सर्व्हरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) कुणाच्या तरी मोबाइललाही मिळत असावा. तोच पत्ता आणखी कुणी वापरतो का हे तपासणाऱ्या 'एआरपिंग -डी' (arping -D) ला दुसऱ्या यंत्राकडून उत्तर आले की शंका संपली. सर्व्हरला १९२.१६८.१.१० दिला असेल, तर राउटरचे डीएचसीपी वाटप (यंत्रांना आपोआप पत्ते देणे) १९२.१६८.१.१०० पासून पुढे ठेवा.

संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना कळकळीची विनंती : देखभालीच्या करारात एक अट घालाच. रीस्टार्ट करण्याआधी तंत्रज्ञाने या नोंदींची प्रत काढून सर्व्हिस रिपोर्टला जोडावी, त्याशिवाय भेटीची पावती मंजूर करू नये.

– सर्व्हर देखभाल करणारे तंत्रज्ञ, दादर, मुंबई