गोळ्या सोडल्या, पण कशा सुटल्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मनोरुग्णालयांविषयीच्या बातमीत 'तेच रुग्ण पुन्हा पुन्हा दाखल होतात' हे वाक्य हमखास असतं, आणि पुढे कारण ठरलेलं: गोळ्या सोडल्या. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आठ वर्षांत तो चौथ्यांदा दाखल झालाय. गोळ्या त्यानं सोडल्या हे खरं, पण त्या कशा सुटल्या हेही छापून यावं.

पहिल्यांदा वजन वाढलं, दिवसभर गुंगी. रानात उभं राहवेना, म्हणून त्यानंच बंद केल्या. दुसऱ्यांदा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गोळ्याच नव्हत्या. 'पुढच्या आठवड्यात बघा.' जिल्ह्याला जायचं तर दोघांचं एसटी भाडं आणि दोघांचा रोज बुडणार. राहिलंच ते. तिसऱ्यांदा मात्र आम्ही घरचेच कारण. 'बसून खातोस' हे रोज कुणी ना कुणी त्याला ऐकवायचं. त्यात मीही होतो. टोमणे मारणाऱ्या घरात परतलेल्या रुग्णाचा आजार लवकर उलटतो, हे लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन यांच्या संशोधनातून साठच्या दशकातच पुढं आलं होतं. मला ते चौथ्या खेपेला वॉर्डातल्या समाजसेविका ताईंनी सांगितलं. रोजच्या गोळ्यांऐवजी दोन-चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शनही असतं, हेही तेव्हाच कळलं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ९८ प्रमाणे रुग्णाला सोडताना तो स्वतः, घरचे आणि पुढे उपचार करणारे डॉक्टर यांच्याशी बोलून पुढची योजना ठरवायची असते. आम्हाला तिन्ही वेळा मिळालं ते डिस्चार्ज कार्ड: औषधांची नावं आणि '१५ दिवसांनी दाखवणे'. कुठं, कुणाला, ते कोरं. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर माणसं आपुलकीनं बोलतात, नाही म्हणत नाही. पण फोनवरून गोळी येत नाही.

माझी मागणी लहान आहे. रुग्णाला सोडायच्या आधी मनोरुग्णालयातून तालुक्याच्या दवाखान्याला एक फोन जावा, औषध आहे ना म्हणून.

भावाला पुढच्या महिन्यात सोडणार आहेत. तो फोन कोण करणार, म्हणून काल मीच दवाखान्यात जाऊन आलो. दोन गोळ्यांपैकी एक आहे.

– एक वाचक
(नाव छापू नये ही विनंती)