माळ्यावरचं खापर

दांडिया बाजार, बडोदा

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर बाबा नुसतं "बरं" म्हणाले, म्हणून लिहितेय. बँकेचा राजीनामा मंजूर झाला. कुणाच्या नादी लागून दिलेला नाही. रजा काढून काढून हे काम होत नव्हतं. पीएफला हात लावलेला नाही, प्रकाशकाने आगाऊ पैसे दिलेत, आणि मन्याच्या लग्नासाठी बाजूला काढलेलं तसंच आहे. बाबा, "मनातले मांडे" म्हणू नका. मी खरोखरच्या मांड्यांवरच काम करतेय!

चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लासा'त लिहिलेले पदार्थ आजच्या गॅसवर करायचे, असं पुस्तक आहे. मूळ ग्रंथ इथल्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापलाय; जेवणाचं प्रकरण 1939 च्या दुसऱ्या खंडात. मिरची, बटाटा, टोमॅटो काही नाही, ते सगळं पोर्तुगीज आल्यानंतरचं. तिखटाला मिरी. त्यातली 'इडरिका' नावाने इडलीची थोरली बहीण, पण तांदूळ नाही, वाफवणं नाही. उडदाचं आंबवलेलं पीठ, त्याचे छोटे गोळे तुपात तळायचे, वर मिरी, जिरं, हिंग. पहिला घाणा बाहेरून बदामी, आत कच्चा. आच कमी केली तर गोळे तूप पिऊन बसले. श्लोकात मिनिटं थोडीच असतात! शेवटी आई, तुझ्यासारखा पिठाचा थेंब सोडून बघितला, तेव्हा जमलं.

जेवणाची काळजी करू नकोस. खोली हवेशीर आहे, पाणी दोन्ही वेळ येतं, शेजारच्या काकू वाटीभर आमटी दिल्याशिवाय राहत नाहीत. तरी संध्याकाळी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पडावंसं वाटतं. मोडका मांडा तू मन्याच्या नकळत माझ्या तोंडात घालायचीस, ते काल उगाच आठवलं.

आता ऐका. बाबा, शुगरची गोळी जेवणाआधी. टीव्ही बघत नंतर नाही. आई, गुडघा दुखत असताना उकिडवं बसून भांडी घासायची नाहीत, बाई कशाला लावलीय? डॉक्टरांकडे या आठवड्यात जायचंच, मी मन्याला विचारणार आहे.

दिवाळीला येतेय. यंदा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीच निघावं लागेल, रागावू नका. संक्रांतीला जास्त राहीन.

आणखी एक. सोमेश्वराचा मांडाही खापरावरच भाजतात, आणि इथे मिळालेलं खापर पहिल्याच आचेला तडकलं. आपलं माळ्यावर आहे. बाबा, तुम्ही स्टुलावर चढायचं नाही. रविवारी मन्या काढेल. जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवा, कुणाबरोबर एसटीने पाठवू नका. मीच येऊन नेईन.

तुमची
छकू