आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : या तारखा कोणत्या पंचांगातून काढता?

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

वंध्यत्वाच्या सगळ्या तपासण्या सार्वजनिक रुग्णालयांत एकाच छपराखाली आणि वेळेवर होतील, असे आश्वासन आपण भर सभागृहात दिले होते. त्यावर विसंबून मी काल बीजवाहिन्यांच्या तपासणीसाठी नाव नोंदवायला गेले आणि पाळीच्या विसाव्या दिवशी येणारी तारीख घेऊन परतले.

एचएसजी, म्हणजे गर्भाशयात रंगद्रव्य सोडून बीजवाहिन्या मोकळ्या आहेत का हे क्ष-किरणांवर पाहणारी ही तपासणी, रक्तस्राव थांबल्यावर आणि स्त्रीबीज बाहेर पडण्याआधी, म्हणजे साधारण ६व्या ते ११व्या दिवसादरम्यान करायची असते, कारण त्यानंतर गर्भ राहिलेला असू शकतो आणि अस्तर जाड झाल्याने चित्रही नीट येत नाही. खिडकीवरचा कर्मचारी मात्र वहीत रिकामी ओळ दिसेल तिथे नाव लिहितो. त्या दिवशी गेले, की क्ष-किरण विभाग ‘आता उशीर झाला’ म्हणून परत पाठवतो, स्त्रीरोग विभाग ‘तो त्यांचा प्रश्न’ म्हणतो, आणि पुढच्या पाळीला पुन्हा तीच खिडकी. आपल्या हस्ते झालेल्या नव्या कक्षाच्या उद्घाटनाचा मुहूर्त तेवढा चुकला नाही.

ही तपासणी माझी यापूर्वी एकदा झाली आहे, तिचीही कहाणी ऐका. आधी वेदनाशामक गोळी घ्यावी, एवढेही कुणी सांगितले नव्हते. दार अर्धवट उघडे, पाय वर बांधलेले, आणि नळीतून रंगद्रव्य आत शिरताच ओटीपोटातून अशी कळ गेली की मी ओरडले. त्यावर ‘बाई, बाळंतपणात काय कराल?’ असे ऐकावे लागले. अहवाल एका ओळीचा होता : दोन्ही बीजवाहिन्या गर्भाशयालगतच बंद. वेदनेने स्नायू आखडला तरी नेमके तिथेच बंद असल्यासारखे दिसते, हे त्या ओळीत नव्हते. पुढे दुर्बिणीतून रंगद्रव्य सोडून पाहिले, तेव्हा दोन्ही मोकळ्या निघाल्या. मधल्या काळात घरात मी काय ऐकले, ते लिहायला हा कागद पुरणार नाही. नवऱ्याची वीर्यतपासणी, जिला ना सुई लागते ना क्ष-किरण, ती कुणाला आठवली तर तीही यानंतर.

आपल्या सल्लागारांनी वाचले नसेल, म्हणून सांगते. अनेक अभ्यास एकत्र करून १९९५ साली मांडलेल्या हिशेबानुसार बीजवाहिन्या मोकळ्या असलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे १७ जणींवर ही तपासणी ‘बंद’ असा खोटा शिक्का मारते. नेदरलँड्समधून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फेस सोडून केलेल्या सोनोग्राफीत वेदना कमी आढळल्या, क्ष-किरणांचा प्रश्नच नव्हता, आणि मूल होण्याचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले. एचएसजीत गर्भाशयाची फक्त आतली पोकळी दिसते. आत पडदा आहे की गर्भाशयच दुभंगलेले आहे, हे बाहेरचा आकार पाहिल्याशिवाय ठरत नाही, आणि तो त्रिमितीय सोनोग्राफीत दिसतो. तसे यंत्र आपण खरेदी केले आहे. चालवणारा माणूस नेमलेला नसल्याने ते आवरणाखाली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले, की दर सहा जणांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. एवढ्या लोकांसाठी आपल्याकडे आहे काय, तर निविदा, कोनशिला आणि छायाचित्र. यंत्र आले की शासनाचे काम संपते. ते चालवणारा, अहवाल नीट लिहिणारा आणि टेबलावरच्या बाईला माणसासारखे वागवणारा कुणी असावा, यासाठी तरतूद कोणत्याच अर्थसंकल्पात सापडत नाही, कारण माणसाच्या नेमणुकीला फीत कापता येत नाही.

तेव्हा तंत्रज्ञ नेमा, वेदनाशामक देण्याचा लेखी आदेश काढा, वीर्यतपासणीशिवाय कोणत्याही बाईला या टेबलावर पाठवू नका, आणि पाळीच्या पहिल्या दिवशी फोन केला की त्याच पाळीतली तारीख मिळेल अशी सोय करा. नेहमीचे ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे छापील उत्तर कृपया पाठवू नका. ते माझ्याकडे आहे.

आपली,
विसाव्या दिवसाची तारीख मिळालेली एक रुग्ण